कलासामानाची शोधाशोध : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांत एकच रडगाणं आहे. करायची हौस आहे, नमुना हाताशी आहे, पण सामान मिळत नाही. 'ऑनलाइन मागवा' असं सांगून मला मोकळं होता आलं असतं. पण पडद्यावर दिसणारी लोकर बोटांत धरून बघता येत नाही आणि तार वाकवून बघता येत नाही. शिवाय आपल्याला लागणाऱ्या बऱ्याच वस्तू जवळच्याच बाजारात असतात, फक्त त्या वेगळ्या दुकानात आणि वेगळ्या नावाने असतात. म्हणून या वेळची सगळी जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : ताई, मी कॉलेजात शिकते आणि कापडी पिशव्या, पाऊच शिवते. दुकानात गेले की 'कशासाठी पाहिजे?' असं विचारतात. मी 'क्राफ्टसाठी' म्हटलं की 'आपल्याकडे क्राफ्टचं काही नाही' म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात. मला हवी ती कडी समोरच्या बरणीत दिसत असते! काय बोलू म्हणजे ते ऐकून घेतील?

उत्तर : 'क्राफ्टसाठी' असं सांगूच नकोस. त्यातून दुकानदाराला काहीच कळत नाही. त्याच्या डोक्यात माल मांडलेला असतो तो धंद्याप्रमाणे: हे बॅगवाल्यांचं, हे टेलरचं, हे सोफावाल्यांचं. तू 'पर्सच्या पट्ट्याची कडी, एक इंची, पितळी रंगाची' असं म्हणालीस की त्याचा हात आपोआप त्या बरणीकडे जाईल. आणि कडीचं माप म्हणजे तिच्या आतली मोकळी जागा, जिथून पट्टी जाते ती. बाहेरून मोजून सांगितलंस तर एक नंबर मोठी कडी घरी येईल.

कोणता धंदा ही वस्तू रोज वापरतो, हे आधी स्वतःला विचारायचं. आयलेट (भोकाला बसवायची धातूची गोल कडी), रिव्हेट (ठोकून बसवायची धातूची टिकली), मेण लावलेला जाड दोरा, आरी, चामड्याचे तुकडे हे सगळं चपला-बुटांचं सामान विकणाऱ्याकडे मिळतं. पिशवीला आतून आकार देणारा फोम आणि जाड नायलॉनचा दोरा गादी-सोफ्याच्या सामानात सापडतो. बकरम (कापडाला ताठपणा देणारं अस्तर), चिकटवायचं कॅनव्हास आणि इलॅस्टिक टेलरिंग मटेरियलमध्ये. फोटोफ्रेम करणाऱ्याकडे माउंटबोर्डच्या पट्ट्या कापून उरतात, तर बोर्ड रंगवणाऱ्याकडे अ‍ॅक्रिलिक शीटचे आणि सनबोर्डचे तुकडे. मणी ओवायला न ताणणारा दोरा हवा असेल तर मासेमारीचं सामान विकणाऱ्याकडे विणलेली लाइन माग. तिथे पारदर्शक, एकेरी नायलॉनचीही लाइन असते, पण ती मण्यांच्या वजनाने ताणत जाते आणि माळेत फटी पडतात.

थोडंच हवं असेल तर लाजू नकोस, पण वेळ बघून जा. दुकान उघडल्यावर लगेच किंवा दुपारी गर्दी ओसरल्यावर गेलीस तर माणूस बरण्या खाली काढून दाखवतो. एरवी दाखवणार नाही आणि त्यात त्याची चूकही नाही. हवी असलेली वस्तू, निदान तिचा तुटलेला तुकडा, बरोबर ने. दुकानदाराच्या हातावर ठेवलेली जुनी कडी पाच मिनिटांच्या वर्णनाचं काम करते.

प्रश्न : मला बाळासाठी क्रोशाचं पांघरूण करायचं आहे. नमुना परदेशी आहे आणि त्यात 'वर्स्टेड' लोकर सांगितली आहे. आमच्या दुकानात कुणी हे नावच ऐकलेलं नाही. 'फोर प्लाय आहे, घेऊन जा' म्हणतात. फोर प्लाय म्हणजे जाड की बारीक? किती गुंड्या घ्याव्यात?

उत्तर : प्लाय म्हणजे किती पदर एकत्र पिळले आहेत तो आकडा. त्यावरून जाडी कळत नाही. चार बारीक पदरांची लोकर नाजूक असू शकते आणि एकाच पदराची लोकर बोटाएवढी जाड. गोंधळ वाढतो तो यामुळे, की ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात प्लायचे आकडे जाडीची नावं म्हणूनही रूढ आहेत. तिथली फोर प्लाय म्हणजे बारीक लोकर आणि ऑस्ट्रेलियातली टेन प्लाय म्हणजे जवळपास तुमची वर्स्टेड, म्हणजे मध्यम जाडीची लोकर. अमेरिकेत क्राफ्ट यार्न कौन्सिलने ० ते ७ असे जाडीचे वर्ग ठरवलेत, आणि वेष्टणावर छोट्या लडीच्या चित्रात तो आकडा छापलेला असतो. वर्स्टेड ४ नंबरात येते, तिच्याहून थोडी बारीक डीके (डबल निटिंग) ३ नंबरात.

वेष्टणावर आकडा नसेल तर नावं विसरा आणि मोजा. खिशात सहा इंची पट्टी ठेवा. लोकरीचा धागा पट्टीभोवती शेजारी-शेजारी गुंडाळा. ओढून ताणायचा नाही, वेढ्यांमध्ये फट नको आणि वेढे एकमेकांवर चढायला नकोत. एका इंचात किती वेढे बसले ते मोजा. साधारण ९-१० वेढे बसले तर तुमच्या कामाची वर्स्टेड, ११ ते १३ च्या आसपास डीके, १४ च्या पुढे बारीक. प्रत्येकाचा हात वेगळा असल्याने एखाद्या वेढ्याचा फरक पडतोच. म्हणून घरात ओळखीची लोकर असेल तर आधी तिच्यावर हात बसवून घ्या.

दुकानात बारीकच लोकर असली तरी परत फिरू नका. दोन धागे एकत्र धरून विणता येतं. पण दोन धाग्यांनी जाडी दुप्पट होत नाही, साधारण १.४ पट होते. म्हणजे इंचाला १४ वेढे बसणारी लोकर दुहेरी घेतली की १० वेढ्यांची झाली. तुमच्या वर्स्टेडच्या अगदी जवळ! दोन वेगळ्या छटा एकत्र धरल्या तर जो ठिपक्याठिपक्यांचा पोत येतो तो मला एकसारख्या रंगापेक्षाही जास्त आवडतो, आणि बाळाच्या पांघरुणाला तो शोभतोही.

आता गुंड्या. हिशेब वजनावर करू नका, मीटरवर करा. समजा, नमुन्यात ५० ग्रॅमच्या, प्रत्येकी १०० मीटरच्या ६ गुंड्या सांगितल्यात. म्हणजे लागणार ६०० मीटर. दुकानातल्या गुंडीवर १२५ मीटर लिहिलं असेल तर ५ पुरतील, पण तुम्ही ६ घ्या. धागा दुहेरी धरणार असाल तर मीटरही दुप्पट. तेवढ्याच जाडीचा सुती धागा अ‍ॅक्रिलिकपेक्षा जड असतो, त्यामुळे सुती गुंडीत तेवढ्याच ग्रॅमला लांबी कमी भरते. अ‍ॅक्रिलिकचा नमुना सुतात करायला घेतला की गुंड्या कमी पडतात त्या यामुळेच.

सगळ्या गुंड्यांचा लॉट नंबर, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या मालाचा नंबर, एकच आहे ना, हे गल्ल्यावर पैसे देण्याआधी बघा. रंगाचा नंबर तोच असला तरी लॉट बदलला की छटा किंचित बदलते. ती गुंडीत दिसत नाही, विणल्यावर आडवा पट्टा होऊन दिसते. शेवटची जादा गुंडी परत घ्याल का, हेही तेव्हाच विचारून ठेवा.

सुईचं म्हणाल तर या वर्गाला क्रोशाची ५.५ ते ६.५ मिमीची सुई सांगतात. पण आधी चार-पाच इंचांचा चौकोन विणून बघा, धुवा, वाळवा आणि मगच पांघरूण सुरू करा. बाळाच्या अंगाला लागणार आहे, म्हणून लोकर गालाला किंवा मानेला लावून बघूनच घ्या. हाताच्या तळव्याला खरखर कळत नाही.

प्रश्न : रुमालाच्या सेटवर भरतकाम करते आहे. चारपैकी तीन रुमाल झाले आणि मोरपंखी धागा संपला. लडीवरचा कागद केव्हाच फेकून दिला. दुकानात नेऊन जुळवला तर तिथे अगदी तोच वाटला, घरी आणल्यावर हिरवट दिसतोय. दुसरा कुठे शोधू?

उत्तर : दुसरं दुकान शोधण्याआधी त्याच दुकानात पुन्हा जा, पण दिवसा, आणि शेडकार्ड (धाग्यांच्या रंगांचे नमुने लावलेलं कार्ड) घेऊन दारात उभ्या राहा. दोन रंग ट्यूबलाइटखाली एकसारखे दिसून उन्हात वेगळे दिसू शकतात, कारण त्यांतली रंगद्रव्यं वेगळी असतात. मोरपंखी, जांभळा, राखाडी या रंगांत हे फार होतं. थेट ऊन नको, सावलीतला भरपूर उजेड हवा.

जुळवताना लडी रुमालावर आडवी टाकून बघू नका. भरलेल्या टाक्यांची जी दिशा आहे त्याच दिशेने नवा धागा टाक्यांवर ताणून धरा. सुती धाग्याला चकाकी असते, ती दिशेप्रमाणे बदलते आणि तोच रंग एका बाजूने गडद, दुसऱ्या बाजूने फिका वाटतो. रुमाल वापरलेला, धुतलेला असेल तर उलटी बाजू बघा. तिथल्या धाग्याच्या शेपटाला ऊन कमी लागलेलं असतं आणि मूळ रंग तिथेच राहिलेला असतो.

नंबर कळला की काम सोपं. डीएमसी ही फ्रान्समधल्या म्युलूझची १७४६ पासूनची कंपनी. तिच्या सहा पदरी भरतकामाच्या धाग्यात ५०० रंग आहेत आणि प्रत्येकाला कायमचा नंबर आहे. काळा हवा असेल तर ३१० म्हणा, जगात कुठेही तोच काळा मिळेल. अँकरच्या धाग्याला वेगळे नंबर आहेत, तिथे काळा ४०३. दोन्ही कंपन्यांचे नंबर जुळवणारे तक्ते मिळतात, पण ते 'जवळचा रंग' सांगतात, 'तोच रंग' नाही. एका सेटच्या मध्यावर कंपनी बदलू नका.

आणि अगदीच नाही मिळाला तर? तुम्ही दोन पदरांनी भरत असाल, तर उरलेल्या जुन्या धाग्याचा एक पदर आणि नव्याचा एक पदर सुईत एकत्र ओवा. चौथा रुमाल अशा मिश्र धाग्याने सुरू करा आणि जुना संपल्यावर निव्वळ नव्यावर या. बदल हळूहळू झाला की डोळ्याला खटकत नाही. त्याआधी नवा धागा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडात दाबून बघा. रंग सुटत असेल तर तीन तयार रुमालांबरोबर तो कधीच धुवू नका.

यापुढे लडीवरचा कागद धाग्यासकट एका डबीत टाकायचा. लडी ८ मीटरची असते, ती कधी संपते ते कळतही नाही.

प्रश्न : तारेचे कानातले करते. एका दुकानातून २४ गेजची तार घेतली, ती छान होती. दुसऱ्या दुकानात २४ गेज मागितली तर जाड निघाली, मण्यातून जातच नाही. दुकानदार म्हणतो हीच २४. कुणाचं खरं?

उत्तर : दोघांचंही खरं असू शकतं. गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर. त्याच्या पद्धती दोन आहेत, एक ब्रिटिश, एक अमेरिकी, आणि आकडे सारखे असले तरी जाडी वेगळी. ब्रिटिश पद्धतीत २४ गेज म्हणजे ०.५५९ मिमी, अमेरिकी पद्धतीत ०.५११ मिमी. फरक केसाएवढा वाटतो, पण बारीक मण्याच्या भोकाला तोच भारी पडतो. जाड तारांत तो आणखी वाढतो: १८ गेज एका पद्धतीत १.२१९ मिमी, दुसरीत १.०२४ मिमी. दागिन्यांचे नमुने बहुतेक अमेरिकी गेज धरतात, हार्डवेअरचं दुकान ब्रिटिश धरत असेल तर तुमच्यासारखं होणारच. म्हणून तार मिलिमीटरमध्येच मागा.

मायक्रोमीटर नसला तरी चालेल. तार पेन्सिलीभोवती घट्ट, वेढ्याला वेढा चिकटवून २० वेळा गुंडाळा, वेढ्यांची लांबी पट्टीवर मोजा आणि २० ने भागा. १० मिमी भरली तर तार अर्ध्या मिमीची. तुमच्या दोन तारांपैकी एक १० च्या रेघेला थोडी ओलांडेल आणि दुसरी ११ च्या पुढे जाईल, डोळ्यांना स्पष्ट दिसेल.

तांब्याच्या तारेसाठी मोटारी आणि पंखे रिवाइंड करणाऱ्याकडे जाऊन बघा. त्यांच्याकडे कितीतरी जाड्यांची तार रिळावर असते आणि ते वजनावर देतात. तिच्यावर लाखेसारखा पातळ लेप असतो, त्यामुळे रंग लवकर काळवंडत नाही. पण डाख लावायचा असेल तर तेवढ्या जागेवरचा लेप पॉलिश पेपरने घासून काढावा लागतो. तो जाळून काढू नका, धूर छातीला वाईट.

पर्समध्ये एक छोटं लोहचुंबक ठेवा. 'पितळी' म्हणून दिलेली तार चुंबकाला चिकटली तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा. अशी तार पक्कडीने दाबली की मुलामा सुटतो आणि तिथे गंज धरतो. फुलं, पानं, शोभेच्या वस्तू यांना ती चालेल. कानाच्या भोकात जाणाऱ्या आकड्याला मात्र अनोळखी धातूची तार कधीही वापरू नका. निकेलने अनेकांचे कान सुजतात आणि एकदा आलेली अ‍ॅलर्जी सहसा जात नाही. युरोपीय संघाने १९९४ मध्ये निकेलवर मर्यादा घातली ती याच कारणाने. आकडे तेवढे चांदीचे किंवा टायटॅनियमचे, सराफाकडून किंवा खात्रीच्या ठिकाणाहून घ्या. बाकी सगळा दागिना तांब्यापितळेचा असू दे.

प्रश्न : कापडी फुलांना मणी चिकटवायला सुपर ग्लू चालेल का? दुकानदार तोच देतो.

उत्तर : नको. सुती किंवा लोकरी कापडावर तो सांडला की क्षणात तापतो आणि बोट भाजू शकतं. पारदर्शक मण्यांवर पांढुरकी साय धरते आणि वाळल्यावर कडक होऊन कापड वाकवताना तडकतो. मणी शिवा. तेच सगळ्यात टिकाऊ. शिवणं शक्यच नसेल तर वाळल्यावरही लवचीक राहणारा, कापडाचा म्हणून मिळणारा गोंद मागा आणि नळीवर 'धुता येतो' असं लिहिलंय का ते वाचा. पांढरा साधा गोंद कागदाला, लाकडाला उत्तम. पण काच, प्लॅस्टिक अशा दोन्ही गुळगुळीत बाजूंमध्ये तो वाळतच नाही, कारण त्यातल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही.

प्रश्न : निवृत्त झालो आहे. हाताने शिवलेल्या वह्या बांधायला शिकतोय. कॉपियरचे ए-४ कागद मधोमध दुमडून शिवतो. वही उघडी राहत नाही, पानं ताठ उभी राहतात आणि कणा लाटेसारखा वाकडा होतो. चांगला कागद कुठे शोधू आणि तो चांगला आहे हे कसं ओळखू?

उत्तर : काका, कागद वाईट नाही, त्याची दिशा उलटी पडते आहे. यंत्रावर कागद बनताना त्यातले तंतू बहुतांशी एकाच दिशेला लोळतात. वहीचा कणा त्या दिशेला समांतर हवा. बाजारातल्या ए-४ मध्ये तंतू साधारणपणे लांब बाजूला समांतर असतात, आणि तुम्ही मधोमध दुमडता तेव्हा कणा येतो आखूड बाजूला समांतर. मग पान उलटताना वाकत नाही, आणि गोंदाच्या ओलाव्याने तंतू रुंदीत फुगले की कणा लाटा धरतो.

उपाय सोपा आहे. ए-३ घ्या, ज्यात तंतू लांब बाजूला समांतर आहेत असा. तो मधून कापला की दोन ए-४ मिळतात आणि त्यांत तंतू आखूड बाजूला समांतर असतात. हे दुमडा, कणा बरोबर दिशेला येईल. दिशा ओळखायला कागद न चुरगळता अलगद वाकवा आणि तळहाताने वरून हलके दाबा. एकदा लांबीत, एकदा रुंदीत. ज्या बाजूने तो सहज वाकतो, त्या वळणाच्या रेषेला समांतर तंतू. जाड पुठ्ठ्यात हे फार स्पष्ट कळतं, आणि पुठ्ठ्याचीही दिशा कण्यालाच समांतर हवी.

कुठे शोधाल? स्टेशनरीच्या दुकानाऐवजी छापखान्यांना कागद पुरवणाऱ्याकडे जा. तिथे मोठे ताव असतात आणि दिशा विचारली तर माणूस चटकन सांगतो, कारण छपाईलाही ती लागते. छापखान्यातही मोठ्या तावांच्या कडा कापून उरतात. छोट्या वह्यांना त्या पुरतात.

कागदाची जाडी जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. तावावर लिहिलेलं नसेल तर त्याचे ए-४ आकाराचे १६ तुकडे तराजूवर ठेवा. १६ ए-४ मिळून एक चौरस मीटर भरतो, म्हणून काट्यावर जेवढे ग्रॅम येतील तेवढाच जीएसएम. ८० आले तर कॉपियरसारखा, शाईच्या पेनाने दोन्ही बाजूंनी लिहायचं असेल तर १०० च्या आसपास घ्या. शिवाय एका कोपऱ्यावर तुमच्याच पेनाने रेघ ओढून, उलटून बघा. शाई फुटली तर वजन कितीही असो, तो कागद लिहायच्या वहीला नको.

दोरा आणि आरी चपलांचं सामान विकणाऱ्याकडे मिळेल, लिननचा असेल तर तोच घ्या. आणि ताव कापायला घेण्याआधी प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने तंतूंच्या दिशेचा बारीक बाण काढून ठेवा. तुकडे झाल्यावर कोणता कुठला ते ओळखता येत नाही.